एकशिंग्याचा मान

सदा, तुझ्या शवपेटीवर सगळ्यांनी फरच्या झाडाची एकेक डहाळी ठेवली, मी ठेवली नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण तुझ्या नक्की आलं असतं. होर्स्टने दारातच प्रत्येकाच्या हातात एकेक दिली होती. हिरव्या कोटातले त्याचे शिकारी मित्र ओळीने पुढे गेले, डहाळी ठेवून बाजूला झाले, आणि मग दोघांनी शिंग फुंकून शिकार संपल्याची धून वाजवली. माझा नंबर आला तेव्हा मी हात जोडले आणि डहाळी कोटाच्या खिशात घालून परत फिरलो. मी तुझ्यावर रागावलो आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांचा तुझ्याशी कधी संबंध आला नसावा.

जर्मनीत, येनाला नवा होतो तेव्हा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तू समोर ताट ठेवून बसलास आणि नाव विचारायच्या आधी गाव विचारलंस. नाशिक म्हटल्यावर मान हलवलीस. "बरं झालं. आता चिवड्याची सोय झाली." तेव्हापासून तुझ्यासाठी मी नाशिककरच. माझं खरं नाव तुला आठवत तरी होतं की नाही, कोण जाणे. मी भिंगांवर थर चढवायच्या विभागात आणि तू त्या भिंगांची नळकांडी बनवायच्या विभागात. दोघं मिळून जी दुर्बीण करत होतो ती शिकारीच्या रायफलीवर बसते, संध्याकाळच्या अंधूक उजेडातही प्राणी दिसावा म्हणून, एवढं मला माहीत होतं. पण रायफल मी तोवर पोलिसाच्या खांद्यावर सोडून कुठे पाहिली नव्हती. तू मात्र कोल्हापूरकडचा, आजोबांच्या शिकारीच्या गोष्टींवर वाढलेला. आपल्याकडे शिकारीला बंदी आली आणि आजोबांच्या गोष्टी गोष्टीच राहिल्या. इथे रीतसर परीक्षा देऊन शिकार करता येते हे कळल्यावर तू एकटा गेला नाहीस, मलाही ओढून नेलंस.

ती परीक्षा! जर्मन लोक तिला हिरवी बारावी म्हणतात ते उगाच नाही. झाडं, पक्षी, कुत्र्यांच्या जाती, हरणांचे रोग, कायदा. खानावळीच्या मागच्या खोलीत हिवाळाभर शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर बसून आपण पाठांतर केलं. तू नापास होशील म्हणून मी तुझ्याकडून उजळणी करून घ्यायचो आणि शेवटी तुला माझ्याहून जास्त गुण पडले. आईला फोनवर मी सांगायचो की सुट्टीत जंगलात फिरायला जातो. ते काही खोटं नव्हतं.

होर्स्ट म्हणजे निवृत्त मास्तर, गावाबाहेरचं रान शिकारीसाठी भाड्याने घेतलेला. त्याच्या रानात कोणी कुठला प्राणी मारायचा हे तोच ठरवणार, अशी तिथली पद्धत. जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला त्या उन्हाळ्यात त्याने आपल्याला ओढ्याकाठच्या कुरणावरचं मचाण दिलं आणि म्हणाला, या कुरणात एक म्हातारा नर येतो, एक शिंग सरळ आणि दुसरं नुसता खुंट. तो तुम्हा दोघांचा. कोणी मारायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. इथे त्या बिचाऱ्याची चूक झाली. दोन मराठी माणसांना एकच वस्तू देऊन तुमचं तुम्ही ठरवा म्हणायचं नसतं, हे त्याला कोण सांगणार?

इथलं हरीण आपल्या भेकराएवढं, म्हणून तू त्याला भेकरच म्हणायचास, आणि या म्हाताऱ्याचं नाव तू ठेवलंस एकशिंग्या. पहिल्याच आठवड्यात तो आला. झाडीतून बाहेर पडला, चार पावलं चालला आणि आपल्यासमोर आडवा उभा राहिला, फोटो काढून घ्यायला उभा राहावा तसा. तू रायफल माझ्याकडे सरकवलीस.

"घे," कुजबुजलास.

"छे, तू घे. हौस तुझी आहे."

"आरं, पहिला मान पाहुण्याचा. घे म्हणतो न्हवं?"

"मी कसला पाहुणा? तू मोठा आहेस. आधी तू."

"माझी शपथ हाय तुला!"

शपथ पडेपर्यंत कुरण रिकामं झालं होतं. समोरच्या टेकाडावरून होर्स्ट दुर्बिणीतून सगळं बघत होता. खाली उतरल्यावर त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तुमच्यात गोळी झाडण्याआधी प्रार्थना करतात का?" आपण दोघं हसून हसून गवतात बसलो. मग हसू ओसरल्यावर तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "हे बघ नाशिककर, आता वाद न्हाई. एकशिंग्या तुझा. तुझा पहिला मान. शब्द दिला." मी नाही म्हणत होतो. तू हात सोडला नाहीस. मी शेवटी हो म्हटलं. हे सगळं मी तुला पुन्हा सांगतोय, कारण पुढे तू असं वागलास की जणू तो शब्द मीच तुझ्याकडून उकळला होता.

मग सुरू झाली तुझी शिकवणी. तयार राहायचं म्हणजे काय, हे तू मला जितकं शिकवलंस तितकं कुणी पोटच्या पोराला शिकवलं नसेल. मचाणावर चढलो की आधी काडतूस भरायचं. रायफल मांडीवर, कोपऱ्यात टेकवायची नाही. अंगठा सेफ्टीवर. प्राण्याच्या मागं गोळी अडवणारी माती दिसल्याशिवाय घोड्यावर बोट ठेवायचं नाही. खायचं नाही, बोलायचं नाही, आणि काय विचार करायचा तो घरी. दुसऱ्या वर्षी मी आल्याचा चहा थर्मासमधून ओतत असताना एकशिंग्या आला. एका हातात झाकण, दुसऱ्यात थर्मास, रायफल कोपऱ्यात. मी चहा न सांडता खाली ठेवायचा प्रयत्न करत होतो आणि तो आपल्याकडे बघत होता. तो निघून गेल्यावर तू माझ्या हातातलं झाकण घेतलंस, शांतपणे चहा प्यालास आणि म्हणालास, "साखर कमी हाय." घरी जाताना गाडीत मात्र अर्धा तास शिव्या घातल्यास. त्या मला अजून पाठ आहेत.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मी तयार होतो. काडतूस आत, रायफल हातात, चहा घरी. एकशिंग्या आला, आडवा झाला, मागे टेकाडाची माती स्वच्छ दिसत होती. मी सेफ्टी सरकवली. श्वास अर्धा सोडला. आणि शेजारी तू खोकलास. साधा खोकला नव्हे, पोटातून आलेला, थांबता थांबेना असा. एकशिंग्याने एक उडी मारली आणि संपलं.

"शेंगदाणा अडकला," तू म्हणालास.

मी हसलो. मचाणावर खायचं नाही हा नियम तुझाच होता आणि तू तो मोडताना कधी पाहिला नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आज येतं. रोज येतं.

त्याच वर्षी जुलैअखेर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मी नाशिकला निघालो. नेमक्या त्याच दिवसांत नर माद्यांच्या मागे वेडे होतात, पान ओठांत धरून मादीसारखी शीळ घातली की धावत येतात. तुला ती शीळ काय सुरेख जमायची. मी चुटपुटत होतो, तर तू मला स्टेशनवर सोडायला आलास आणि बॅग डब्यात चढवत म्हणालास, "जा निवांत. आईचे डोळे बघ. तुझा एकशिंग्या कुटं पळत न्हाई. मी राखण करतो." मी खिडकीतून हात हलवला. जाताना मनात काही म्हणजे काही शंका नव्हती.

तीन आठवड्यांनी परत आलो. तुझ्यासाठी चिवड्याची पाकिटं आणि होर्स्टसाठी मनुका घेऊन आधी होर्स्टकडे गेलो, तो वाटेवर पडतो म्हणून. त्याच्या पडवीत उकळून पांढरी केलेली एक कवटी वाळत होती. एक शिंग सरळ, दुसरं नुसता खुंट.

"जा, जा!" म्हणजे हो, हो. होर्स्ट खुशीत होता. तुझं नाव त्याच्या तोंडी झादा. "झादाने एका गोळीत आडवा केला. पान वाजवून बोलावला आणि एका गोळीत! तू त्याला वाइडमान्सहाइल म्हणालास ना?" शिकार साधलेल्या माणसाला असं म्हणून अभिनंदन करतात आणि सोबत्याने झाडाची डहाळी तोडून, आपल्या टोपीवर ठेवून त्याला द्यायची असते, ती तो टोपीला खोचतो. होर्स्टला एकाच गोष्टीचं कोडं पडलं होतं. तो सांगत होता, मी येतो बरोबर म्हणालो तर झादा नको म्हणाला, एकटाच गेला, आणि डहाळीसुद्धा स्वतःची स्वतःच तोडली म्हणे. असं कुणी करतं का?

दुसऱ्या दिवशी मी तुला कारखान्याच्या गाडीतळावर गाठलं. तू बारीक झाला होतास, पण मला तेव्हा तुझा चेहरा बघायचा नव्हता, उत्तर हवं होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं त्यात? आला, मारला."

"तो माझा होता सदा. तू शब्द दिला होतास. राखण करतो म्हणाला होतास."

तू गाडीचं दार उघडलंस. "किती वाट बघायची रं तुझी? तीन वर्सं नुसता बसलाईस मांडीवर बंदूक घिऊन. संधी काय तुझ्या आईच्या डोळ्यांसाठी थांबती व्हय?"

आईला मध्ये आणायला नको होतंस. बाकी सगळं मी पचवलं असतं, कदाचित दोन दिवसांनी आपण त्यावर हसलोही असतो. चिवड्याची पिशवी माझ्या हातात होती. ती मी तुझ्या गाडीच्या टपावर ठेवली आणि वळून चालू लागलो. तू हाक मारशील असं फाटकापर्यंत वाटत होतं.

पुढचे महिने कॅन्टीनमध्ये तू एका टोकाला आणि मी दुसऱ्या. माझं डोकं एकच दळण दळत होतं. राखणदारच चोर निघाला. कुंपणानेच शेत खाल्लं. गावाकडच्या जितक्या म्हणी आठवत होत्या तितक्या मी तुझ्या नावावर लावल्या. दिवाळीच्या फराळाला आपली चार मराठी घरं जमली तेव्हा तुझ्याकडून कुणी आलं नाही. "यांना जरा बरं नाही," असा शुभांगीवहिनींचा निरोप होता. मला वाटलं, तोंड दाखवायची लाज वाटते. हिवाळ्यात तू कॅन्टीनमध्ये दिसेनासा झालास. मला वाटलं, मला टाळतोयस. तुझ्या विभागात कुणाला विचारायला गेलो नाही. का जाऊ? दगा तू दिला होतास, यायचं तू होतंस. मी अजूनही तसंच म्हणतो.

आणि एप्रिलमध्ये होर्स्टचा फोन आला. त्याने आधी माझं नाव घेतलं आणि मग म्हणाला, "झादा गेला. तुला ठाऊक असेल म्हणून मी आधी फोन केला नाही." सगळ्यात आधी ज्याला ठाऊक असायला हवं त्यालाच ठाऊक नव्हतं, हे जर्मनमध्ये कसं सांगतात ते मला सुचेना. मी फक्त "जा, जा" करत राहिलो.

निरोपाच्या हॉलमध्ये पेटी बंद करण्याआधी वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान तुझ्या ओठांवर ठेवलं. तेव्हा मला एकदम ओढ्याकाठचं ते कुरण आठवलं. होर्स्टने मारलेल्या हरणाच्या तोंडात त्याने डहाळी ठेवली होती, शेवटचा घास म्हणून. तू टोपी काढून म्हणाला होतास, "बघ मर्दा, आपल्यात तुळशीपत्र ठेवत्यात तसंच की. म्हंजे ही माणसं आपलीच." इतकं साधं बघायला तू मला शिकवलंस. परक्या देशातल्या परक्या रानात मी जो न घाबरता, न कंटाळता तास तास गप्प बसू शकतो, अंधार पडताना कुठल्या झाडावर कुठलं पाखरू येतं ते ओळखू शकतो, ते तुझं देणं आहे. ते मी नाकारत नाही. तुझ्याशिवाय हे गाव माझ्यासाठी नुसती नोकरी होती. म्हणून तर राग इतका आहे. परक्याने फसवलं तर माणूस दोन दिवस चडफडतो आणि विसरतो.

खरा घाव तर त्यानंतर बसला. दोन दिवसांनी मी तुझ्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला, समोर बसल्या आणि सरळच म्हणाल्या, "जूनमध्येच कळलं होतं, भाऊजी. फुफ्फुसात होतं. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलेलं."

जून. म्हणजे स्टेशनवर माझी बॅग चढवलीस तेव्हा तुला ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"घराबाहेर अक्षर जायचं नाही, असं बजावलं होतं. आणि तुम्हाला तर मुळीच नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मी म्हटलं, अहो, भाऊजींना तरी सांगा. तर म्हणाले, त्याला कळलं की तो लगेच म्हणणार, आधी तू. मग ते भेकर मला भीक घातल्यासारखं हुईल. मला मारायचाय, मागायचा न्हाई."

चहा तसाच राहिला. वहिनी आत जाऊन ती कवटी घेऊन आल्या. लाकडी पाटीवर बसवलेली, स्वच्छ पुसलेली. "ही तुम्हाला द्यायला सांगितली आहे." मी म्हटलं, "नको वहिनी, इथेच राहू दे." त्या म्हणाल्या, "न्या हो, त्यांची इच्छा होती." मी म्हटलं, "खरंच नको." दारापर्यंत आमचं हेच चाललं होतं. शेवटी तुझी लेक जर्मनमध्ये आईला म्हणाली, जाऊ दे ना त्यांना, तेव्हा मी सुटलो. जिवंतपणी आग्रह करून माझं डोकं खाल्लंस, आता बायकोच्या तोंडून करतोस.

भीक, सदा? तुझ्या घरी जेवायला बसलो की शेवटची भाकरी तू माझ्या पानात टाकायचास. मी हात आडवा धरायचो, तू हात बाजूला करून वाढायचास. मी ती खाल्ली. भीक म्हणून खाल्ली का? इथल्या पहिल्या हिवाळ्यात मला ताप चढला तेव्हा तू तुझा जाड कोट माझ्या अंगावर टाकून थंडीत नुसत्या स्वेटरवर घरी गेलास. तो मी पांघरला. ती भीक होती का? इतकी वर्षं तू देत होतास आणि मी घेत होतो, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, कारण मला वाटायचं की हे आपल्या दोघांचं आहे, आज तू, उद्या मी. तो उद्या आला. तुला काहीतरी हवं होतं आणि ते फक्त माझ्याकडे होतं. जगातल्या कुठल्याही माणसाला तुला देता येणार नव्हतं असं एक म्हातारं, खुंट्या शिंगाचं भेकर, आणि त्याचा मान माझ्याकडे होता. मी मचाणावर तुझ्या शेजारी बसलो असतो. रायफल तुझ्याकडे सरकवली असती. तू नाही म्हणाला असतास, मी शपथ घातली असती. तू मारला असतास आणि मी ओढ्याकाठची डहाळी तोडून, टोपीवर ठेवून तुझ्यापुढे धरली असती. एकशिंग्या तू मारलास त्याचं आता मला काही वाटत नाही. माझ्या हातून घेण्यापेक्षा चोरून घेणं तुला बरं वाटलं, हे मला सहन होत नाही. तयार राहा, तयार राहा म्हणून तीन वर्षं घोकून घेतलंस, आणि ज्यासाठी खरोखर तयार राहायला हवं होतं तेवढंच लपवून ठेवलंस.

वहिनी म्हणतात, माफ करा त्यांना. होर्स्ट म्हणतो, मरणाच्या दारात माणूस शहाण्यासारखा वागेलच असं नाही. दोघांचंही बरोबर असेल. पण मला ते वकिलाचं बोलणं वाटतं. तू स्वतः समोर येऊन दोन शिव्या घातल्या असत्यास तर लवकर पटलं असतं.

मे लागला आणि हंगाम उघडला, तसा होर्स्टने फोन करून सांगितलं की कुरणात एक नवा नर फिरतोय, जाऊन बस. काल संध्याकाळी गेलो. तू गेल्यावर पहिल्यांदाच. मचाणाची फळी तुझ्या बाजूला थोडी खाली झुकलीय, ते आजवर कळलं नव्हतं. मी काडतूस भरलं. रायफल मांडीवर घेतली, अंगठा सेफ्टीवर. चहा घरी. कोकिळा ओरडत होती, मग तीही थांबली. उजेड उतरायला लागला आणि झाडीतून तो बाहेर आला. तरणाबांड, दोन्ही शिंगं चकचकीत. चार पावलं चालला आणि अगदी तिथेच, एकशिंग्या उभा राहायचा तिथेच, आडवा झाला. मागे माती. दुर्बिणीत त्याची पापणी लवलेली दिसली, आपण केलेल्या दुर्बिणीत. सेफ्टी सरकवली. तयार होतो सदा, तू शिकवलंस तसा शंभर टक्के तयार होतो.

आणि मी मान डावीकडे वळवून म्हणालो, "घे. आधी तू."

मोठ्याने म्हणालो असणार, कारण त्याने डोकं वर केलं, मचाणाकडे सरळ बघितलं, आणि सावकाश, काही घाई नसल्यासारखा झाडीत गेला. मी तिथेच बसून रडलो. खालून कुणी बघत असतं तर त्याला प्रार्थना चालली आहे असंच वाटलं असतं.

होर्स्ट फाटकाशी थांबला होता. "दिसलं काही?"

"दिसलं," मी म्हटलं. "पण मान झादाचा होता."

त्याला काय कळलं देव जाणे. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मान सदाचा, हे वाक्य मी गेल्या जुलैत आनंदाने म्हणालो असतो, तू तोंड उघडलं असतंस तर.

तुझी डहाळी अजून माझ्या कोटाच्या खिशात आहे. सुया गळायला लागल्यात. ती तुझी आहे, दुसऱ्या कुणाला देणार नाही, फेकूनही देणार नाही. राग उतरेल त्या दिवशी घेऊन येईन, टोपीवर ठेवून, रीतसर. कधी उतरेल ते मला सांगता येणार नाही. माझी वाट बघणं तुला जड जात होतं ना? आता बघ वाट.